वरंध्यातली लाईन क्लिअर

माणूस आणि मरण यांच्या मध्ये शिस्त नावाची एकच भिंत उभी आहे, असं माझे वडील आयुष्यभर मानत आले. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, आणि त्यातली बरीचशी दौंडच्या पुढं नगरच्या बाजूला असलेल्या एका छोट्या स्टेशनात. तिथं दिवसभरात मोजक्या गाड्या यायच्या आणि उरलेल्या वेळात फलाटावर शेळ्या. शिस्त आणि मरण यांची समोरासमोर गाठ पडावी असा प्रसंग त्या स्टेशनात कधी आला नाही. याचा अर्थ भिंत मजबूत होती, की भिंतीपलीकडं कोणी नव्हतंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पॉइंट्समन होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. त्या मार्गावर तेव्हा एकेरी लाईन होती. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच रुळांवरून धावायच्या. त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक जुनी, साधी युक्ती होती. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी एक लोखंडी गोळा. एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा आणि पिशवीला वेताचं मोठं कडं असायचं. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचीच गाडी त्या तुकड्यात शिरणार. पुढच्या स्टेशनात त्यानं गोळा परत द्यायचा, की लाईन मोकळी. न थांबणाऱ्या गाडीसाठी दादा फलाटाच्या टोकाला कडं उंच धरून उभे राहत आणि पळत्या इंजिनातून ड्रायव्हर हात घालून ते उचलून नेई. लहानपणी मला वाटायचं, सगळी रेल्वे दादांच्या हातातल्या त्या कड्यावर चालते. मोठेपणी कळलं की दादांनाही तसंच वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण ताईची नोकरी.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. डी.एड. होऊन दोन वर्षं ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत शिकवण्या घेत होती आणि दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करत होती. अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा रकाना असतो. आपण माणसं कायमची कुठं असतो हा प्रश्न तिला पडला नाही. तिनं गावचा, खुटबावचा पत्ता लिहिला. तिथं आमच्या घराला वर्षभर कुलूप असे. त्यामुळं कोकणातल्या एका शाळेवर नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा पोस्टमननं ते गावातल्या आप्पांच्या हाती दिलं.

आप्पा मोठे बागायतदार. ज्या ज्या गोष्टीला अध्यक्ष लागतो, त्या त्या गोष्टीचे ते अध्यक्ष. माणूस मनानं चांगला. पाकिटावरचा जिल्हा परिषदेचा शिक्का पाहून त्यांनी आत काय असणार ते बरोबर ओळखलं. बौद्धवाड्यातली पोरगी सरकारी मास्तरीण झाली, ही गोष्ट अशी घरी नेऊन देण्याची नाही, झेंड्याखाली जाहीर करण्याची आहे, असंही त्यांनी ठरवलं. पंधरा ऑगस्ट जवळच होता. आम्हाला फक्त निरोप आला की झेंडावंदनाला सहकुटुंब यावं.

आप्पांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. त्यात स्त्रीशिक्षण होतं, समता होती, दूध डेअरीची नवी इमारत होती. मग त्यांनी ताईला पुढं बोलावून शाल घातली आणि पाकीट दिलं. टाळ्या झाल्या. ताईनं पाकीट तिथंच फोडलं आणि पहिल्यांदा हसली. मग वाचत वाचत खालच्या ओळीला आली आणि हसायची थांबली. आदेशाच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत कार्यालयीन वेळेत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल, असं त्या ओळीत होतं. ताईनं बोटांवर दिवस मोजले. पंधरावा दिवस उद्या होता.

“आप्पा, पाकीट कवा आलं व्हतं?” दादांनी विचारलं.

“झालं की आठ-धा दिस. म्या जपून ठिवलं व्हतं, तिजोरीत,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती, आणि दादांनी “उपकार झाले” म्हणून ती पुरीही केली. ते टोमण्यानं म्हणाले की खरंच, तेही मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही तिघं दौंडच्या स्टँडवर उभे होतो. ताई, तिची पत्र्याची ट्रंक, तिच्या सोबतीला पंधरा दिवस राहायला म्हणून मी, आणि पोचवायला दादा. दादांच्या दंडाला आकडेदार मुठीची काळी छत्री. शिरूरहून सुटून दौंड, चौफुला, जेजुरी, सासवड, भोर करत वरंधा घाटानं महाडला उतरणारी एक एसटी तेव्हा होती. ताईला रुजू व्हायचं होतं ते महाडच्या पंचायत समितीचं कार्यालय पावणेसहाला बंद होणार. कंडक्टरनं ट्रंक टपावर चढवताना शब्द दिला, “दोनला टेकवतो ताई तुमाला. जेवून-खावून, पावडर लावून जॉईन व्हा.”

भोरपर्यंत सगळं ठीक होतं. भोर सोडल्यावर ड्रायव्हरनं मान मागं वळवून कंडक्टरला विचारलं, “मास्तर, घाट कुठनं सुरू व्हतो?”



“म्हंजी? तुमी कवा आला न्हाई व्हय हिकडं?” पुढच्या बाकावरच्या एका बाईनं विचारलं.

“म्या न्हावरा-शिरूर-दौंड लाईनचा, मावशी. ह्या गाडीचा डायव्हर आजारी पडला. वडगाव रासाईचा हाय मी. आमच्याकडं सगळ्यात मोठा चढ म्हंजी भीमेचा पूल.”

हे त्यानं इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की रागावणंही अवघड झालं. कंडक्टर म्हणाला, “घाबरू नका, मी आलोय एकदा.” कधी, असं कोणी विचारलं नाही. विचारलं नाही ते बरं, कारण पुढं बोलता बोलता कळलं की तो आला होता तो उन्हाळ्यात, लग्नाला, आणि गाडीत झोपून.

घाट सुरू झाला तो धुक्यातच. एका बाजूला काळा ओला कडा, त्याच्यावरून पाण्याच्या धारा थेट टपावर. दुसऱ्या बाजूला काय आहे ते दिसत नव्हतं, आणि दिसत नाही म्हणूनच ते फार खोल असणार अशी सगळ्यांची खात्री पटली. आम्ही सपाटीची माणसं. आमच्याकडं रस्ता संपला की वावर लागतं. फार तर चाक चिखलात रुतेल. रस्ता संपल्यावर काहीच लागत नाही, ही कल्पना आमच्या डोक्यात नीट शिरेना. वळणावळणावर कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवत पुढं चालायचा आणि गाडी त्याच्या मागून, वरातीतल्यासारखी. काठाकडच्या बाकांवरची माणसं हळूहळू कड्याकडच्या बाकांवर सरकली. मग कोणी तरी म्हणालं की एका बाजूला वजन झाल्यावर गाडी कलंडते, तशी निम्मी परत गेली. ताईनं पत्राची पिशवी छातीशी धरली होती. ती रस्त्याकडं बघत नव्हती, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती.

बाराच्या सुमाराला पुढं उभ्या गाड्यांची रांग लागली आणि आम्हीही थांबलो.

उतरून पाहिलं. रात्री दरड कोसळून रस्त्याचा निम्मा भाग खाली गेला होता. उरलेल्या निम्म्यावरून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि ती वाट एक मोठं वळण घेऊन पलीकडं जात होती. त्यामुळं या टोकावरून त्या टोकाचं दिसत नव्हतं. आमच्या बाजूनं एक जीप आत शिरायची, तिकडून टेम्पो, दोन्ही मध्यावर एकमेकांना भेटायचे, शिव्या व्हायच्या, आणि मग दोघांपैकी एक जण तुटलेल्या कडेवरून मागं मागं सरकत परत यायचा. आम्ही पाहत असताना एका जीपचं मागचं चाक काठाच्या मातीवर गेलं, माती सुटली, आणि जीप कशी तरी पुढं उसळली. खाली गेलेल्या मातीचा आवाज कितीतरी वेळानं सुद्धा आला नाही.

आवाज वर मात्र भरपूर होता. आमच्याच गाडीतले पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ वाटेच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही हातांनी वाहतूक नियंत्रित करत होते. उजव्या हातानं ते गाडीला ‘या’ म्हणायचे आणि डाव्या हातानं त्याच गाडीला ‘थांबा’. कोणी म्हणत होतं, बुलडोझर निघालाय. कोणी म्हणत होतं, घाट दोन दिवस बंद. एक जण म्हणाला, वाट आणखी तासाभरात खचणार, तर दुसरा म्हणाला, ही वाट गेली तीन वर्षं अशीच आहे. मला दोघांचंही पटत होतं. पुढं जावं की परत भोरला जावं, हे प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता.

दादा हे सगळं अर्धा तास शांतपणे बघत उभे होते. मग माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “सिंगल लाईन हाय.”

“काय?”

“हितं गोळा न्हाई म्हून घोळ चाललाय. लाईन खराब न्हाई, वर्किंग खराब हाय.” त्यांनी दंडावरची छत्री काढून हातात घेतली. “हा गोळा. मी ह्या टोकाचं स्टेशन, तू त्या टोकाचं. ज्याच्याकडं छत्री त्यानंच आत यायचं. दुसऱ्या कुणाला सोडायचं न्हाई. कलेक्टर आला तरी.”

मी तेव्हा एफ.वाय.ला होते. मराठी साहित्य हा विषय. स्टेशन होण्याचं प्रशिक्षण मला नव्हतं. पण दादांच्या आवाजात तो फलाटावरचा सूर आला होता, आणि त्या सुरापुढं आम्ही घरात कोणी कधी बोललो नव्हतो. मी कड्याला अंग घासत त्या वाटेवरून चालत पलीकडं गेले.

पलीकडं पंधरा-वीस गाड्यांची तोंडं माझ्याकडं होती. सगळ्यांत पुढं एक मालट्रक. “छत्री येईपर्यंत कोणी जायचं नाही,” मी त्याच्या ड्रायव्हरला सांगितलं.

“किसकी छतरी?”

मी समजावलं. त्यानं क्लीनरकडं पाहिलं, क्लीनरनं माझ्याकडं. मग ड्रायव्हरनं सरळ विचारलं, “बहनजी, आप पीडब्ल्यूडी से हैं?”

“रेल्वे,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, आणि त्याच्यावर त्याचा जो परिणाम झाला तो पाहून मला दादांचं आयुष्य थोडं समजलं. त्यानं इंजिन बंद केलं.

पाच मिनिटांनी धुक्यातून एक जीप आली, तिच्या खिडकीतून छत्रीची मूठ बाहेर आलेली. मी ती घेतली आणि ट्रकवाल्याच्या हातात दिली. ट्रक आत गेला. मग छत्री घेऊन इकडची एक गाडी, मग तिकडची. शिव्या थांबल्या. शिट्ट्या थांबल्या. दोन्ही टोकांना माणसं चहाच्या टपरीवर उभी असल्यासारखी निवांत उभी राहिली. मला भीती वाटायची बंद झाली होती आणि तिच्या जागी एक हलकासा गर्व आला होता. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्या गर्वातच झालं.

आमची एसटी रांगेत दहावी होती. “आपली गाडी आपल्या नंबरानं,” दादांनी ताईला सांगितलं होतं. दोन वाजायला आले तेव्हा तिच्यापुढं एकच टेम्पो उरला होता, दुधाच्या रिकाम्या कॅनचा. तो छत्री घेऊन निघाला. त्याच वेळी माझ्या टोकाला एका ट्रॅक्सचा ड्रायव्हर माझ्याशी हुज्जत घालत होता, “दोन जीपा एका छत्रीवर का नाय सोडत? पावसात दोन माणसं जातातच की एका छत्रीतून!” हा मुद्दा तर्काला धरून होता. दादांच्या नियमांत त्याला काय उत्तर आहे याचा मी विचार करत होते. तेवढ्यात टेम्पो वळणावरून आला, ड्रायव्हरनं मला हात केला, मी त्याला हात केला, आणि कॅन खडखडवत तो खाली धुक्यात निघून गेला. छत्री त्याच्या आरशाला अडकवलेली होती. ती मी पाहिलीही. ती छत्री आहे एवढं कळलं. तो गोळा आहे हे कळायला दोन क्षण जास्त लागले.

मी ओरडले, थोडी पळालेही. कॅनच्या आवाजात माझा आवाज त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

परत चालत जाऊन मी दादांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा फक्त कोरा झाला.

“गोळा गेला म्हंजी लाईन बंद,” ते म्हणाले.

“अहो आबा, पण आता आमचाच नंबर हाय!” कंडक्टर म्हणाला. “गाडी रिकामी करतो, पब्लिक चालत जाईल, दोन मिंटात पलीकडं.”

“आन् तिकडनं कोन निघाला असंल तर?”

“कोन निघतंय? पोरगी हितं हाय तुमची.”

“म्हंजी तिकडलं स्टेशन रिकामं हाय,” दादा म्हणाले.

पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ पुढं सरसावले. “ओ, तुम्हाला अधिकार कुणी दिला? कोण तुम्ही? ड्रायव्हर, घ्या हो गाडी. जबाबदारी माझी.”

सगळे ड्रायव्हरकडं वळले. वडगाव रासाईच्या त्या माणसानं एकदा गृहस्थांकडं पाहिलं, एकदा धुक्याकडं, आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “आबा म्हनतील तवा,” तो म्हणाला. सकाळपासून त्याला ठामपणे काही सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो त्याला सोडायला तयार नव्हता.

मग ताई गाडीतून उतरली.

“दादा, अडीच वाजले. पावणेसहाच्या आत पोचले न्हाई तर नोकरी गेली. तुम्हाला म्हाईत हाय ना?”

“हाय.”

“मग? रस्ता समोर दिसतोय.”

“दिसतोय कुठं? धुकं हाय.”

“एकदा, दादा. फक्त एकदा.”

दादा तिच्याकडं न बघता बोलले, “तुझ्यापायी नियम मोडला आन् वळणावर समोरनं ट्रक आला, तर तू मास्तरीण व्हशील का भितीवरला फोटो व्हशील?”

कोणी तरी सुचवलं, ताईनं चालत पलीकडं जावं आणि तिथून गाडी धरावी. पण पलीकडच्या सगळ्या गाड्यांची तोंडं वर होती. खाली जाणारी शेवटची गाडी छत्री घेऊन गेली होती. ताईला त्या टेम्पोत बसवायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. मला तेव्हा दादांचा संताप आला होता, आणि आपण चूक केली म्हणून स्वतःचाही. दोन्हीतलं कुठलं खरं आणि कुठलं सोयीचं, हे उलगडत नव्हतं. दादा बरोबर असावेत असं मला वाटत होतं. ते बरोबर नसते तर बरं झालं असतं, असंही वाटत होतं.

ताई रडेल असं मला वाटलं. तिनं डोळे पुसले, पिशवीतून फाईल काढली आणि एकदम शिकवण्या घेतानाच्या आवाजात विचारलं, “रेल्वेत गोळा हरवला तर काय करत्यात? कायमची बंद ठेवत्यात का लाईन?”

“तसं कसं? मग पेपर लाईन क्लिअर देत्यात. लिखापढी.”

“मग सांगा काय लिहायचं.”

दादांच्या चेहऱ्यावर जीव आला. ताईनं गुणपत्रिकेची एक जास्तीची झेरॉक्स उलटी केली आणि एसटीच्या बॉनेटवर ठेवून लिहायला घेतलं. दादा हात मागं बांधून सांगू लागले. या स्टेशनचं नाव: वर. पुढच्या स्टेशनचं नाव: खाली. गाडी: शिरूर-महाड. ड्रायव्हरचं पूर्ण नाव. पुढच्या स्टेशनपर्यंत लाईन साफ असून गाडी सावकाश न्यावी. वेळ.

“आन् प्रायव्हेट नंबर,” दादा म्हणाले.

“तो काय असतो?”

“पुढलं स्टेशन लाईन बघून येक नंबर देतं. गुपित. त्यो हितं लिहिला म्हंजी पक्कं, की त्या स्टेशननं खरंच परवानगी दिलीया.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढचं स्टेशन इथं उभं होतं.

“मग मी आत्ताच सांगते की नंबर,” मी म्हणाले.

“तिकडं जाऊन बघितल्याबगर?” दादांनी असं विचारलं, की मला माझीच लाज वाटली.

मी पुन्हा चालत निघाले. निरोप आणायला कंडक्टर माझ्याबरोबर. पलीकडं पोचलो तर ट्रॅक्सवाला कंटाळून दहा-बारा हात आत आला होता. त्याला मागं घ्यायला लावलं. आणखी पाच मिनिटं उशिरा पोचले असते तर तो वळणावर असता. तेव्हा तिथं आमची एसटी असती की नसती, हे ड्रायव्हरनं दादांचं ऐकलं असतं की त्या पांढऱ्या कपड्यांतल्या गृहस्थांचं, यावर अवलंबून. मी कंडक्टरच्या कानात नंबर सांगितला, सत्तेचाळीस. हाच का, ते माहीत नाही. कंडक्टर तो तोंडातल्या तोंडात घोकत निघाला. वाटेत विसरला आणि परत आला. मी पुन्हा सांगितला. आता तो रांगेतल्या दुसऱ्या एका ट्रकच्या क्लीनरनंही ऐकला आणि “सैंतालीस, सैंतालीस” करत कंडक्टरला आठवण देत थोडा वेळ त्याच्याबरोबर चालला. गुप्ततेचं काय झालं हे मी दादांना कधीच सांगितलं नाही.

पावणेचार वाजता धुक्यातून आधी माणसं आली, एकामागं एक, कड्याला धरून. पांढरे कपडेवाले गृहस्थ गुडघ्यापर्यंत लाल झालेले. मग ताई. मग एसटी, बैलाच्या चालीनं. पुढं दादा उलटे चालत, दोन्ही हात वर धरून. वळणावर मागचं चाक काठाच्या मातीला टेकलं तसं कोणी तरी “अगं बाई” म्हणालं. गाडी माझ्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हरनं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर ताईचं वळणदार अक्षर, खाली दादांची सही, हुद्द्यासकट. मागच्या बाजूला ताईचे बालमानसशास्त्रातले गुण.

“घ्या स्टेशनमास्तर,” ड्रायव्हर म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

दादांनी मग पलीकडच्या माणसांना कागद कसे लिहायचे ते समजावायला सुरुवात केली. कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

त्या दिवशी त्या वाटेवरून कोणीही पडलं नाही. दादा हे पुढं पुष्कळ वर्षं सांगत, आणि ते खरं आहे. आम्ही यायच्या आधी सकाळभर तिथं कसलीच पद्धत नव्हती आणि तेव्हाही कोणी पडलं नव्हतं, हेही खरं आहे. पहिल्या वाक्यानंतर दुसरं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही.

उतारावर ड्रायव्हरनं दुसऱ्या गिअरवरून गाडी वर नेली नाही. ताई घड्याळ विचारायची थांबली होती. मीच मधून मधून बघत होते आणि तिला दिसणार नाही असा हात झाकत होते. पावणेसहा वाजले तेव्हा आम्ही अजून भाताच्या खाचरांमधून जात होतो. दादा खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, “रूल बरूबर व्हता.” ताई म्हणाली, “व्हय.” दोघांच्याही आवाजात पटल्याचा सूर नव्हता. आमच्यातलं कोणी त्या दिवशी वेळेवर महाडला पोचलं असेल तर ती छत्री.

कार्यालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. एकाच टेबलावर दिवा चालू होता आणि एक वयस्कर कारकून शेंगदाणे खात बसले होते. ताईनं पत्र पुढं केलं आणि घाट, दरड, टेम्पो असं सगळं एका दमात सांगायला लागली. तिनं पंधरा ऑगस्टचं आणि तिजोरीचंही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग टरफलं एका कागदात गोळा केली. “माझी गावची गाडी सातला असते,” ते म्हणाले. “तोवर मी इथंच असतो रोज.” त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. “आजची तारीख घाल. इथं सही कर.”

“आणि उशीर झाला ते?” ताईनं विचारलं. “वेळ कुठं लिहायची?”

त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला, जणू त्यांनीही तो प्रश्न पहिल्यांदाच ऐकला होता. दादा पुढं वाकले. मीही वाकले.

रुजू अहवालात वेळेचा रकाना नव्हता. ‘म.पू. / म.नं.’ एवढंच छापलेलं होतं, म्हणजे मध्यान्हपूर्व किंवा मध्यान्हनंतर. कारकुनांनी म.पू. खोडलं.